प्रोग्राम मेला, पोर्ट अडकला: चार यूएसबी-सीरियल कन्व्हर्टरचं परीक्षण

जुन्या सीरियल पोर्टची यंत्रं पीसीच्या यूएसबीला जोडणारी केबल म्हणजे यूएसबी-टू-सीरियल कन्व्हर्टर. तिच्या पाकिटावर लिहिलेलं सगळं धडधाकट चालणाऱ्या प्रोग्रामबद्दल असतं. वेग किती, विंडोज कुठलं, केबल किती लांब. प्रोग्राम मध्येच मेला तर पोर्टचं काय होतं, हे कुणी छापत नाही. तुर्भ्याच्या एपीएमसीतला वजनकाटा, रबाळे-महापेच्या शेडमधली पीएलसी (यंत्रं चालवणारा कंट्रोलर) किंवा वागळे इस्टेटमधलं जुनं सीएनसी मशीन अडतं ते नेमकं तिथेच. काट्यावर माल चढलेला, बिलिंगचा प्रोग्राम गोठलेला. काउंटरवरचा माणूस तो टास्क मॅनेजरमधून मारतो, पुन्हा उघडतो, तर उत्तर येतं 'ॲक्सेस इज डिनाइड'. मग पीसी रीस्टार्ट, आणि तोवर मागची रांग वाढलेली.

म्हणून इथे चार चिप या एकाच बाजूने तपासल्या आहेत: एफटीडीआयची एफटी२३२आर, सिलिकॉन लॅब्सची सीपी२१०२, डब्ल्यूसीएचची सीएच३४० आणि प्रोलिफिकची पीएल२३०३. केबलवर नाव कुणाचंही असो, आत बहुधा यातलीच एक निघते. कुठली ते डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या प्रॉपर्टीज उघडून, डिटेल्समध्ये 'हार्डवेअर आयडीज' निवडलं की कळतं. व्हीआयडी, म्हणजे उत्पादकाचा क्रमांक, ०४०३ असेल तर एफटीडीआय, १०सी४ सिलिकॉन लॅब्स, १ए८६ डब्ल्यूसीएच आणि ०६७बी प्रोलिफिक.

कन्व्हर्टरला शिव्या घालण्याआधी एक गोष्ट मान्य करायला हवी. प्रोग्राम कसाही मेला तरी त्याने उघडलेली हँडल्स, म्हणजे पोर्टवरचे ताबे, ऑपरेटिंग सिस्टिम स्वतः बंद करते, विंडोज काय नि लिनक्स काय. म्हणजे पोर्ट मोकळा व्हायलाच हवा. तो होत नाही तेव्हा बहुतेक वेळा तीनपैकी एक भानगड असते, आणि त्यातल्या दोनच कन्व्हर्टरच्या खात्यावर जातात.

पहिली भानगड: प्रोग्राम मेलेलाच नसतो. टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये प्रोसेस दिसत राहते आणि 'एंड टास्क'ला दाद देत नाही. ड्रायव्हरकडे गेलेला एखादा राइट, म्हणजे डेटा पाठवण्याची मागणी, पूर्ण होत नाही, ड्रायव्हर तो रद्दही करत नाही, आणि तोवर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, प्रोसेसला सोडत नाही. याचं मूळ पुष्कळदा चिपमध्ये नसतं, डी-शेपच्या नऊ पिनांत असतं. वजनकाट्याच्या केबलमध्ये तीनच तारा असतात: २, ३ आणि ५. सॉफ्टवेअरमध्ये मात्र कुणीतरी हँडशेक, म्हणजे 'थांब-पाठव' सांगण्याची पद्धत, 'हार्डवेअर' ठेवलेलं असतं. मग पीसी ८ नंबरच्या पिनवर सीटीएस ('पाठव' ही समोरची खूण) येण्याची वाट बघत बसतो, आणि तिथे तारच नाही. काटा आपणहून सतत वजन पाठवणारा असेल तर ही चूक वर्षानुवर्षं झाकलेली राहते, कारण पीसीला काही पाठवायचंच नसतं. एक दिवस कुणीतरी पडद्यावरून टेअरचं (भांड्याचं वजन वजा करण्याचं) बटण दाबतं आणि तो राइट कायमचा लटकतो. त्यात राइटचा टाइमआउट शून्य ठेवलेला असेल तर संपलंच. विंडोजच्या हिशोबात इथे शून्य म्हणजे 'लगेच' नव्हे, 'कितीही वेळ'.

उपाय सोपा आहे. तीन तारांच्या केबलला हँडशेक 'नन' ठेवा. सॉफ्टवेअर जुनं असेल आणि ती सेटिंग सापडत नसेल तर पीसीच्या बाजूच्या कनेक्टरमध्ये ७ आणि ८ एकमेकांना जोडा, तसेच १, ४ आणि ६ एकत्र जोडा. पीसी स्वतःच्याच आरटीएसला ('पाठवू का?' ही खूण) सीटीएस समजतो आणि गाडी पुढे सरकते. राइट टाइमआउट १००० मिलिसेकंद ठेवा. ९६०० बॉडला सेकंदाला ९६० बाइट जातात, त्यामुळे २० बाइटच्या कमांडला २१ मिलिसेकंदही पुरतात. एक सेकंदात गेली नाही तर ती जाणारच नाही.

लिनक्सवर हीच गोष्ट जरा सभ्यपणे होते. पोर्ट बंद करताना न गेलेला डेटा निघून जावा म्हणून कर्नल वाट बघतो. ठरलेली मुदत ३० सेकंद. प्रोग्राम बंद करूनही अर्धा मिनिट पोर्ट सुटत नसेल आणि मग आपोआप सुटत असेल, तर दुसरीकडे शोधू नका, सीटीएस बघा.

दुसरी भानगड कन्व्हर्टरची अजिबात नाही, पण दुकानात परत येणाऱ्या 'बिघडलेल्या' केबलींमध्ये तिचा वाटा मोठा असावा. मुख्य प्रोग्राम मेलेला असतो, पण त्याने सुरू केलेला दुसरा प्रोग्राम, पावती छापणारा किंवा लॉग लिहिणारा, जिवंत असतो आणि पोर्टचं हँडल वारशाने घेऊन बसलेला असतो. विंडोजवर प्रोसेस एक्सप्लोरर उघडून कंट्रोल-एफ दाबा आणि पोर्टचं आतलं नाव शोधा. कॉम५ असं, म्हणजे विंडोजने दाखवलेल्या पोर्टच्या नावाने, शोधून काही मिळणार नाही. एफटीडीआयचं आतलं नाव व्हीसीपी० अशा धर्तीचं असतं, बाकीच्यांचं रजिस्ट्रीत हार्डवेअर, डिव्हाइसमॅप, सीरियलकॉम या कीमध्ये दिसतं. लिनक्सवर फ्यूझर किंवा एलएसओएफ हेच काम एका ओळीत करतं. मिनिकॉमसारखे जुन्या वळणाचे प्रोग्राम कुलपाची फाइल मागे ठेवून मरतात, व्हार फोल्डरमधल्या लॉकमध्ये, एलसीके अशा नावाने सुरू होणारी. फाइलमध्ये प्रोसेसचा नंबर असतो. तो नंबर जिवंत नाही याची खात्री करूनच ती उडवा.

पायथनवाल्यांसाठी जाता जाता: कंट्रोल-सी दिल्यावर 'फायनली'चा भाग चालतो, पण सिस्टिमडी (लिनक्सवर सेवा सांभाळणारा प्रोग्राम) सेवा थांबवताना सिगटर्म हा 'बंद हो' सिग्नल पाठवतं आणि त्यावर तो भाग आपोआप चालत नाही. सिग्नल हँडलर लिहावा लागतो. सक्तीने मारणाऱ्या सिगकिलपुढे मात्र कुणाचंच काही चालत नाही.

आता तिसरी भानगड, जिथे चिपचा कस लागतो: पोर्ट मोकळा असतो, पण त्याच नावाने सापडत नाही. वैतागलेला माणूस काय करतो? केबल उपटतो आणि हाताला येईल त्या यूएसबी सॉकेटमध्ये खुपसतो. अस्सल एफटी२३२आरच्या आत स्वतःचा सीरियल नंबर असतो. विंडोज तो ओळखून कुठल्याही सॉकेटमध्ये तोच कॉम नंबर देतं. सीएच३४०च्या नेहमीच्या जी प्रकारात सीरियल नंबरच नाही, त्यामुळे विंडोज सॉकेटवरून ओळख धरतं: नवा सॉकेट, नवा नंबर. सीपी२१०२ला नंबर आहे, पण बऱ्याच स्वस्त मॉड्यूलवर सगळ्यांचा एकच, ०००१. एकच मॉड्यूल असेल तोवर चालतं, दुसरं लावलं की गोंधळ. तो नंबर कंपनीच्या कॉन्फिगरेशन टूलने बदलता येतो, फक्त ते आधी करायचं असतं, काटा बंद पडल्यावर नव्हे.

नंबर वाढत जाण्याचा खरा फटका जुन्या सॉफ्टवेअरला बसतो. व्हीबी६मध्ये लिहिलेली वजनाची आणि बिलिंगची कित्येक पॅकेजेस एमएसकॉम हा कंट्रोल वापरतात आणि तो १६ नंबरपर्यंतच पोर्ट घेतो. सॉकेट बदलत बदलत कन्व्हर्टर कॉम१७वर गेला की सॉफ्टवेअरच्या लेखी तो अस्तित्वातच नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्ट सेटिंग्जच्या ॲडव्हान्स्डमध्ये जा, कॉम३ किंवा कॉम४ निवडा. त्यापुढे 'इन यूज' दिसेल. ते बहुतेकदा जुन्या, आता न जोडलेल्या कन्व्हर्टरचं भूत असतं. 'शो हिडन डिव्हायसेस' चालू करून फिकट दिसणारे पोर्ट अनइन्स्टॉल केले की नंबर सुटतात.

लिनक्समध्ये याची बहीण भेटते. प्रोग्राम पोर्ट धरून बसलेला असताना केबल निघाली आणि परत लावली, तर टीटीवाययूएसबी० मेलेल्या हँडलखाली अडकून राहतो आणि कन्व्हर्टर टीटीवाययूएसबी१ म्हणून उगवतो. प्रोग्राममध्ये डेव, सीरियल, बाय-आयडी या वाटेवरचं नाव दिलं तर हा प्रश्न मिटतो, अर्थात एकाच जातीचे दोन कन्व्हर्टर असतील तर प्रत्येकाला वेगळा सीरियल नंबर हवा. दोन सीएच३४० असतील तर बाय-पाथ वापरा आणि सॉकेटवर मार्करने खूण करा. सीएच३४०च्या नशिबी आणखी एक गंमत आहे. उबुंटू २२.०४मध्ये बीआरएलटीटीवाय हा ब्रेल यंत्रांचा प्रोग्राम तिला ब्रेल डिस्प्ले समजून बळकावतो. केबल लावली की पोर्ट क्षणभर दिसतो आणि गायब. ब्रेल यंत्र वापरत नसाल तर ते पॅकेज काढून टाका. यात केबलचा काहीही गुन्हा नाही.

पोर्ट उघडला म्हणून सुटलो असंही नाही. विंडोज पोर्ट उघडताना बॉड रेट, पॅरिटी, टाइमआउट हे सगळं मागच्या वेळी जे होतं तेच देतं. लिनक्सही, केबल काढेपर्यंत. कुणीतरी टर्मिनल प्रोग्रामने ११५२०० वर, एक्सऑन-एक्सऑफ (डेटातच 'थांब' आणि 'चल' असे बाइट पाठवण्याची पद्धत) लावून, काहीतरी तपासलं आणि तो प्रोग्राम कोसळला. पुढचा प्रोग्राम फक्त बॉड रेट बदलतो, फ्लो कंट्रोलला हात लावत नाही. मॉडबस या मीटर-पीएलसींच्या भाषेतल्या बायनरी उत्तरात १९ हा बाइट आला की पीसी त्याला 'थांब' समजून गप्प होतो, आणि तो बाइट कधी येईल ते वाचलेल्या तापमानावर अवलंबून. असला दोष शोधायला आठवडा जातो. लिनक्सवर केबल नव्याने लावली तर वेगळीच तऱ्हा: ९६०० आणि एको चालू. मीटरने पाठवलेलं त्याच्याचकडे परत जातं. म्हणून प्रोग्रामने उघडल्यावर प्रत्येक सेटिंग स्वतः घालावी, बफर रिकामा करावा आणि पहिली अर्धवट ओळ टाकून द्यावी. मेलेला प्रोग्राम आपोआप परत सुरू करणारी व्यवस्था असेल तर मध्ये दोनेक सेकंदांचं अंतर ठेवून तीन-चारदा प्रयत्न करू द्या. डॉटनेटच्या अधिकृत माहितीतच लिहिलंय की पोर्ट बंद केल्यावर लगेच उघडू नका, सुटायला वेळ लागू शकतो.

आता तारांचं. प्रोग्राम मेला आणि पोर्ट बंद झाला की ड्रायव्हर डीटीआर ('मी तयार आहे' ही खूण) आणि आरटीएस खाली आणतो. वजनकाट्याला त्याचं सोयरसुतक नाही, पण दोन ठिकाणी हे महागात पडतं.

एक, आरएस-४८५, म्हणजे एकाच तारेवर अनेक मीटर जोडायची पद्धत. घरगुती पद्धतीने जोडलेल्या सर्किटमध्ये टीटीएल कन्व्हर्टरची आरटीएस तार सरळ ट्रान्सीव्हरच्या (लाइनवर बोलणाऱ्या-ऐकणाऱ्या आयसीच्या) डीई या पाठवणं चालू करणाऱ्या पिनला लावलेली असते. टीटीएल पातळीवर आरटीएस उलटी असते: प्रोग्रामने ती सोडली की पिनवर व्होल्टेज वर जातं. डीईला वर म्हणजे 'बोल'. म्हणजे प्रोग्राम मेल्यावर हा कन्व्हर्टर गप्प बसण्याऐवजी लाइन अडवून धरतो आणि त्या तारेवरचे बाकीचे सगळे मीटर मुके होतात. एफटी२३२आरच्या सीबस पिनवर टीएक्सडीइएन हा सिग्नल मिळतो. तो बाइट जात असेपर्यंतच चालू असतो आणि चिप स्वतः सांभाळते. प्रोग्राम जिवंत असो की मेलेला, लाइन सुटते. आरएस-४८५ साठी एफटीडीआयचे जास्तीचे पैसे याच एका पिनवर वसूल होतात. सीएच३४०च्या काही प्रकारांवरही टीएनओडब्ल्यू नावाची अशीच पिन आहे. ती वापरलेला बोर्ड मिळाला तर जरूर घ्या.

दोन, सीएनसी. फॅनकच्या जुन्या कंट्रोलरला पीसीवरून प्रोग्राम जाताना पीसीवरचा डीएनसी (मशीनला प्रोग्राम पुरवणारा) प्रोग्राम कोसळला, डीटीआर पडला, आणि केबल पूर्ण तारांची असेल तर मशीन ०८६ हा अलार्म देऊन थांबतं: 'डीआर सिग्नल ऑफ'. हे चांगलं आहे. पण बहुतेक शॉपमध्ये २५ पिनांच्या बाजूला ४-५ आणि ६-८-२० शॉर्ट केलेलं असतं. मशीनला स्वतःचाच डीटीआर परत मिळतो. मग पीसी मेला तरी अलार्म नाही, मशीन पुढच्या ब्लॉकची (प्रोग्रामच्या ओळीची) वाट बघत उभं राहतं. ऑपरेटरला वाटतं चालू आहे. प्रोग्राम पुन्हा पाठवण्याआधी मशीनवर रीसेट द्या, नाहीतर अर्ध्या ब्लॉकला नवा ब्लॉक चिकटतो.

इथेच चिपमधला आणखी एक फरक कामाला येतो. फॅनक डीसी३ (एक्सऑफचाच बाइट) पाठवून 'थांब' म्हणतं, आणि त्यानंतर दहापेक्षा जास्त अक्षरं आली तर ०८७ अलार्म, बफर ओव्हरफ्लो. एफटी२३२आर एक्सऑन-एक्सऑफ चिपमध्येच हाताळते, त्यामुळे लगेच थांबते. हे काम जिथे पीसीवरच्या ड्रायव्हरवर सोडलेलं असतं तिथे 'थांब' पीसीपर्यंत पोचेस्तोवर चिपच्या बफरमधली अक्षरं निघून गेलेली असतात. सीएनसीसाठी एफटीडीआय सोडून दुसरं काही सुचवणार नाही. तेही फक्त अस्सल.

एफटीडीआयच्या विंडोज ड्रायव्हरमध्ये, पोर्ट सेटिंग्जच्या ॲडव्हान्स्ड खिडकीत, या विषयापुरती सगळ्यात उपयोगी चौकटींची रांग आहे. 'सेट आरटीएस ऑन क्लोज' म्हणजे पोर्ट बंद झाल्यावरही आरटीएस वर ठेवायची. आरटीएसवरून वीज घेणाऱ्या छोट्या आयसोलेटरला ती लागते. 'डिसेबल मोडेम कंट्रोल ॲट स्टार्टअप' लावलं की ड्रायव्हर चालू होताना तारा हलवत नाही. 'कॅन्सल इफ पॉवर ऑफ'मुळे पीसी झोपी जाताना अडकलेल्या मागण्या रद्द होतात. 'इव्हेंट ऑन सरप्राइज रिमूव्हल' केबल उपटल्याची खबर प्रोग्रामला देतं. 'सीरियल एन्युमरेटर'ची खूण मात्र काढून टाका. सतत वजन पाठवणारा काटा जोडलेला असताना पीसी सुरू झाला तर विंडोज त्याला सीरियल माउस समजतं आणि पडद्यावरचा बाण सैरावैरा पळतो.

एफटीडीआयची काळी बाजू म्हणजे नकली माल आणि त्यावर कंपनीने केलेली कारवाई. २०१४ साली विंडोज अपडेटमधून आलेल्या ड्रायव्हरने नकली चिपचा पीआयडी (उत्पादनाचा क्रमांक) शून्य करून टाकला, चिप ओळखूच येईना. २०१६च्या ड्रायव्हरने नकली चिपमधून 'नॉन जेन्युइन डिव्हाइस फाउंड' हे वाक्यच समोरच्या यंत्राकडे पाठवायला सुरुवात केली. पीएलसीला असलं वाक्य मिळणं किती मजेचं, ते सांगायला नको. त्यामुळे मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, एफटीडीआय सीएच३४०च्या भावात मिळत असेल तर ती एफटीडीआय नाही. सरळ सीएच३४० म्हणून विकली जाणारी घ्या, ती निदान खोटं बोलत नाही.

पीएल२३०३ची शिफारस करणं अवघड आहे. जुन्या एचएक्सए चिपना विंडोज ८ पासून पुढचा ड्रायव्हर नाकारतो आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये नावाच्या जागी '२०१२पासून बंद' असा शेरा येतो. टीए प्रकाराला विंडोज ११वर दार बंद आहे. पीसी बदलला की कन्व्हर्टरही बदलावा लागतो, म्हणजे पोर्ट अडकण्याचा प्रश्नच उरत नाही, पोर्टच उरत नाही. नव्या जीसी, जीटी प्रकारांना ही अडचण नाही, पण पाकिटावर प्रकार लिहिलेला क्वचित सापडतो.

निवड थोडक्यात करायची तर: रात्रभर कुणी बघणार नाही तिथे, आरएस-४८५वर आणि सीएनसीला एफटी२३२आर. एकाच सॉकेटमध्ये कायम राहणाऱ्या वजनकाट्याला किंवा टेबलावरच्या कामाला सीएच३४० बिनधास्त, किंमत अगदी थोडी. सीपी२१०२ दोघींच्या मधली, सीरियल नंबर लिहून घेण्याची तयारी असेल तर उत्तम.

घेतल्यावर पाच मिनिटांची तपासणी चुकवू नका. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, काळी तार ५ नंबरच्या पिनला. लाल तार ३ वर ठेवा. पोर्ट शांत असताना उणे ५ किंवा त्याहून खाली दिसायला हवं. शून्याच्या आसपास दिसलं तर आत आरएस-२३२चा ड्रायव्हर आयसीच नाही. टेबलावर चालेल, पण शेडमध्ये मोटारी आणि व्हीएफडींच्या (मोटारीचा वेग बदलणाऱ्या यंत्रांच्या) शेजारून गेलेल्या लांब केबलवर रडेल. मग लाल तार ४ वर. टर्मिनल प्रोग्रामने पोर्ट उघडा, डीटीआर चालू करा, व्होल्टेज अधिक होईल. आता टास्क मॅनेजरमधून प्रोग्राम मारा. व्होल्टेज लगेच उणे झालं तर ड्रायव्हरने पोर्ट खरंच बंद केला. अधिकच राहिलं तर प्रोसेस अजून जिवंत आहे का ते बघा. शेवटी २ आणि ३ शॉर्ट करून पोर्ट पुन्हा उघडा, टाइप केलेलं परत येतं का बघा, केबल चालू असतानाच उपटा, दुसऱ्या सॉकेटमध्ये लावा आणि कॉम नंबर वाचा. तो नंबर इन्सुलेशन टेपवर लिहून केबलला गुंडाळा. पावसाळ्यात खाडीकडच्या शेडमध्ये कनेक्टरचे स्क्रू गंजतात, कागदी लेबल तर महिनाही टिकत नाही.